ओस पडणारी गावे आणि शासनाचे धोरण

मे महिन्यात किंवा गणेशचतुर्थीला आमच्या वाडीत पाऊल टाकणाऱ्या पाहुण्याला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ही एक नांदती, भरली वाडी वाटेल. घराघरांतून चूल पेटलेली असते, खळ्यात मुले खेळत असतात, रात्री भजनाचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो. पण तोच पाहुणा श्रावणात पहिल्याच आठवड्यात आला, तर त्याला निम्म्याहून अधिक दारांना कुलुपे दिसतील. त्या कुलुपांच्या किल्ल्या एकाच घरात, शेजारच्या काकींच्या देवघराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या असतात. पावसात कोणाचे कौल फुटले, कोणाच्या पडवीत पाणी शिरले हे पाहण्याचे काम काकींकडे आपसूक आले आहे. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे.

या लेखासाठी मी त्यांना विचारले, "काकी, दादा गणपतीक येतलो मां?" त्या म्हणाल्या, "येतलो, नि आरत्यो झाल्यो की जातलो. हयसर ऱ्हवान काय करतलो?"

काकींचा प्रश्न साधा आहे, पण अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला 'ग्रामीण लोकसंख्येचा प्रश्न' म्हणतात तो सगळा त्यात आहे. गावात राहून माणसाने करायचे काय? आणि त्याने राहावे अशी शासनाची इच्छा असेल, तर शासनाने करायचे काय? या दोन प्रश्नांचा आपल्या कोकणापुरता विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

आकडे काय सांगतात?

भारतात लोकसंख्येचा प्रश्न म्हटला की आपल्यासमोर येते ती वाढ. 'लोकसंख्येचा स्फोट' या विषयावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. त्यामुळे लोकसंख्या कमी होत असलेले जिल्हे आपल्याच राज्यात आहेत, हे सांगितले तर अनेकांना आश्चर्य वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. दोन्ही जिल्हे मिळून दहा वर्षांत एक लाखाहून अधिक माणसे कमी झाली. याच काळात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, म्हणून विवेचनासाठी २०११ चेच आकडे हाती धरावे लागतात.

गंमत अशी की त्या दशकात राज्यात लोकसंख्या घटलेला तिसरा जिल्हा होता मुंबई शहर. म्हणजे जेथून चाकरमानी निघाला ते गाव रिकामे होत होते, आणि जेथे तो पिढ्यान्‌पिढ्या पोहोचला ते गिरणगावही रिकामे होत होते! लालबाग-परळची खोली सोडून त्याची पुढची पिढी विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर येथे गेली. मात्र शहर सोडणारा हा माणूस गावाकडे परतला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या दोन कारणांनी बदलते. एक, जन्म आणि मृत्यू यांतील फरक. दुसरे, येणारे आणि जाणारे यांतील फरक. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत साक्षरता चांगली, कुटुंबे लहान, त्यामुळे जन्माचे प्रमाण कमी झाले आहे हे खरे. पण केवळ तेवढ्याने एक लाखाची तूट पडत नाही. खरी तूट स्थलांतराची आहे. याचा पुरावा स्त्री-पुरुष प्रमाणात सापडतो. २०११ साली महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरीत मात्र ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६. हा आकडा पाहून कोणी आपली पाठ थोपटून घेऊ नये. पुरुष मुंबईत आणि स्त्री, म्हातारी माणसे व शेती गावात, असा त्याचा बराचसा अर्थ आहे. शिवाय २००१ च्या मानाने दोन्ही जिल्ह्यांत हे प्रमाण उतरले आहे. पूर्वी एकटा पुरुष जात असे. आता बायको-मुलांसह कुटुंबच जाते, हेही त्यामागचे एक कारण असले पाहिजे. एकटा गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो आणि म्हातारपणी परत येतो. बिऱ्हाडासह गेलेला माणूस फक्त गणपतीला येतो.

माणसे का गेली?

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून अधिक पडतो, पण तो उतारावरून चार महिन्यांत समुद्राला मिळतो. एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसतो. भातखाचरे थोडी, वरकस जमीन आणि कातळ फार. त्यात खोतीची पद्धत. कुळाने पिकवावे आणि खोताच्या घरी नेऊन घालावे. या पद्धतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ साली झाला. तोवर एका शतकाहून जास्त काळ कोकणी माणसाला पोट भरण्यासाठी दोन वाटा मोकळ्या होत्या : पलटण आणि मुंबई. १८५४ नंतर मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि बोटीने जाणाऱ्यांची रीघ लागली. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा हा गिरणी कामगार पुरवणारा मोठा जिल्हा ठरला. गावाचे अर्थकारण शेतीवर नव्हे, मनीऑर्डरीवर चालू लागले.

कूळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा फार मोठा लाभ. पण मिळालेली जमीन भावाभावांत वाटली गेली, आणि पुष्कळदा वाटलीही गेली नाही; सामाईकच राहिली. आमच्या घरच्या सातबाऱ्यावर इतकी नावे आहेत की त्यांतील काहींना मी कधी पाहिलेलेही नाही. अशा जमिनीवर विहीर काढायची, कर्ज घ्यायचे, बाग लावायची, तर सर्वांची संमती हवी. ती मिळवण्यापेक्षा मुंबईची गाडी पकडणे सोपे!

एकदा गळती सुरू झाली की ती स्वतःच वाढत जाते. शेजारच्याने शेत पड टाकले की तेथे रान माजते. रानात डुकरे आणि वानर येतात, कोठे कोठे गवेही उतरतात, आणि जो कसत असतो त्याच्या पिकावर तुटून पडतात. दोन वर्षे नुकसान सोसून तोही नांगर माळ्यावर टाकतो. एकाची पड दुसऱ्याला भोवते ती अशी. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा कित्येक कामगार गावी परतले होते. गावाला माणसे मिळण्याचा तो एक प्रसंग होता. पण परतलेल्या माणसाला धरून ठेवील असे गावात काही नव्हते.

रोजगार हमी ते फळबाग

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गावातील माणसाला गावातच काम मिळावे, या विचाराला कायद्याचे रूप देण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर होता. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात विसापूर येथे या कल्पनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामे निघाली, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हे तत्त्व त्यात हक्क म्हणून मान्य झाले. २००५ साली केंद्राने जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याला वाट दाखवली ती महाराष्ट्राने.

या योजनेच्या पैशाची व्यवस्थाही विचार करण्यासारखी होती. १९७५ पासून शहरातील पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून व्यवसायकर घेतला जाऊ लागला, तो या योजनेसाठी. म्हणजे शहराने गावाला दिलेली ही मदत होती. गावाकडचे लोंढे शहरावर येऊ नयेत, यात शहराचाही स्वार्थ होताच. त्या दृष्टीने पाहता ग्रामीण माणूस ग्रामीण भागात टिकवण्याचे हे पहिले मोठे धोरण म्हणता येईल.

परंतु योजनेची मांडणी दुष्काळी भागाच्या गरजेतून झाली होती : बंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणे. कोकणात ती रुजली नाही. मुंबईच्या रोजाची सवय झालेल्या घरातून खडी फोडायला कोण जाणार? १९९० साली मात्र राज्याने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली आणि येथे चित्र बदलले. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे खणावेत, कलमे लावावीत, पहिली वर्षे पाणी घालून ती जगवावीत आणि या सर्वाचा खर्च व मजुरी शासनाने द्यावी, अशी ही योजना. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून होतेच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या चांगल्या जाती काढल्या होत्या. पाहता पाहता उघडे कातळ आणि वरकस डोंगर आंबा-काजूने हिरवे झाले. ज्याने तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कोकण पाहिला आहे, त्याला हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

आता वरचे आकडे पुन्हा पाहावेत. फळबागा वाढल्या त्याच काळात, म्हणजे १९९० नंतर, गावे अधिक वेगाने रिकामी झाली आणि २००१ ते २०११ या दशकात तर लोकसंख्या प्रत्यक्ष घटली. झाडे राहिली आणि माणसे गेली. असे का व्हावे?

माझ्या मते याचे उत्तर झाडाच्या स्वभावातच आहे. भाताला आणि नाचणीला वर्षातून कित्येक महिने माणूस लागतो. लागलेल्या काजूला मुख्यतः काढणीचे काही आठवडे माणूस पुरतो. मालक मुंबईत बसून बाग ठेवू शकतो, नाहीतर व्यापाऱ्याला हंगामापुरती देऊ शकतो. हापूसच्या मोठ्या बागांत राखण, फवारणी आणि काढणी यांसाठी आज नेपाळहून आलेली माणसे राबताना दिसतात. आमचा मुलगा नोकरीसाठी पाचशे किलोमीटर उत्तरेला जातो आणि त्याच्या बागेत राबायला हिमालयाच्या पायथ्याचा मुलगा येतो! दोघांचेही गाव मागे ओस पडते. दुसरे असे की, पीक येथे येते पण त्याच्यावरची पुढची कमाई बाहेर जाते. काजूच्या बोंडाचे उदाहरण घ्या. सीमेपलीकडे गोव्यात त्यापासून फेणी होते आणि २००९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. सीमेअलीकडे बहुतेक बोंडे झाडाखाली कुजतात. बी तेवढी गोळा होते.

रेल्वेचीही कथा हीच. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर फोडून, नद्या ओलांडून सातशे किलोमीटरहून लांबीचा लोहमार्ग टाकणे हा पराक्रमच होता, आणि त्यामुळे आजाऱ्याला वेळेवर मुंबई गाठता येते याबद्दल कोकण ऋणी आहे. पण रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. गावात काम नसेल तर गाडी माणसे आणण्यापेक्षा नेण्याचेच काम जास्त करते.

एका हाताने देणे, दुसऱ्याने घेणे

शासनाच्या धोरणात एक अंतर्विरोध आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एकीकडे गाव टिकावे म्हणून योजना निघतात, आणि दुसरीकडे जवळजवळ प्रत्येक सोय माणसे मोजून दिली जाते. आरोग्य उपकेंद्र सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजारांमागे एक. शाळा पटावर चालते. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून शेजारच्या शाळांत मिळवण्याचा निर्णय राज्यात जाहीर झाला. हिशेबाच्या वहीत तो योग्यही दिसेल. चार मुलांना दोन शिक्षक कसे परवडणार? पण वाडीत शाळा नाही म्हटल्यावर तरुण आई-बाप पहिले पाऊल कोठे टाकतात? तालुक्याला किंवा थेट मुंबईला. शाळा बंद होते कारण मुले नाहीत, आणि मुले राहत नाहीत कारण शाळा नाही. हे चक्र कोठे तरी मुद्दाम तोडावे लागते. ते आपोआप तुटत नाही.

राजकीय बळाचेही तसेच. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी ज्याचे प्रतिनिधित्व केले तो राजापूर लोकसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. पूर्वी रत्नागिरी आणि राजापूर असे दोन मतदारसंघ होते, त्यांच्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एकच राहिला. जेथे माणसे कमी, तेथे मते कमी. आणि जेथे मते कमी, तेथे गाऱ्हाणे ऐकणारे कान कमी.

इतर देशांचा अनुभव

हा प्रश्न एकट्या कोकणाचा नाही. जपानने १९७० साली लोकसंख्या घटणाऱ्या प्रदेशांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढे तो वेळोवेळी नव्या स्वरूपात चालू ठेवला. रस्ते, पूल, सभागृहे यांवर अमाप पैसा खर्च झाला. तरीही डोंगरातील खेडी म्हातारी होत गेली. तेव्हा २००९ पासून त्यांनी निराळी योजना काढली : शहरातील तरुणाने तीन वर्षांपर्यंत खेड्यात राहून तेथील कामात हातभार लावावा आणि त्याचे मानधन शासनाने द्यावे. इमारतीकडून माणसाकडे वळायला त्या देशाला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

नॉर्वेने आपल्या अगदी उत्तरेकडील फिनमार्क व उत्तर ट्रॉम्स या भागांसाठी १९९० साली खास क्षेत्र जाहीर केले. तेथे राहणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत. आणि विशेष म्हणजे जो शिकलेला तरुण तेथे राहून काम करील, त्याच्या शैक्षणिक कर्जाचा दहावा हिस्सा दरवर्षी माफ. आपल्याकडे शिक्षण म्हणजे गाव सोडण्याचा परवाना. तेथे शासनाने शिक्षणच गावाशी बांधले.

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशासाठी व बेटांसाठी १९६५ साली विकास मंडळ स्थापन झाले. दीर्घकाळ घटत आलेली तेथील लोकसंख्या पुढील दशकांत एकंदरीने वाढली. त्यातच एग नावाच्या चिमुकल्या बेटाची गोष्ट आहे. सारे बेट एका जमीनदाराच्या मालकीचे होते. १९९७ साली रहिवाशांनी वर्गणी गोळा करून, इतरांच्या साहाय्याने ते विकत घेतले. तेव्हा तेथे साठ-पासष्ट माणसे होती. पुढे ती वाढून शंभराच्या घरात गेली. जमिनीवरचा हक्क स्पष्ट झाला, घर बांधायला जागा मिळाली आणि तरुण परतले. खोती पाहिलेल्या कोकणी माणसाला यातील मर्म वेगळे सांगायला नको.

गाव टिकवायचे म्हणजे काय?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. माणसांना गावात ठेवायचेच कशाला? गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला अपमान आणि वेठ आली, त्यांच्यासाठी मुंबई ही सुटका होती. गिरणीतल्या कापसाच्या धुळीतही खोताच्या खळ्यापेक्षा माणसाला मान होता. बाबासाहेबांनी घटना समितीत खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यामागे हा अनुभव होता. गांधीजींना खेड्यात भारताचा आत्मा दिसला. दोघांचेही म्हणणे मनात ठेवूनच धोरण ठरले पाहिजे. माणसाला गावाशी बांधून ठेवणे हे शासनाचे काम नव्हे. जाणाऱ्याला जाता आले पाहिजे आणि राहू इच्छिणाऱ्याला राहता आले पाहिजे. आज पहिली गोष्ट शक्य आहे, दुसरी शक्य नाही. सारी तक्रार एवढीच आहे.

तर मग करावे काय? वरील विवेचनातून मला चार गोष्टी सुचतात. सामाईक सातबाऱ्यांचे वाटप शासनाने स्वतः पुढाकार घेऊन, कमी खर्चात आणि ठरावीक मुदतीत करून द्यावे. त्यावाचून दुसरी कोणतीही योजना जमिनीला लागणार नाही. दुसरे, डोंगराळ व विरळ वस्तीच्या भागात शाळा आणि दवाखाना यांचे माप माणसांवर नव्हे, तर अंतरावर ठरावे. पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांचे मूल किती चालू शकते, हे ते माप असावे. तिसरे, बोंड, फणस, कोकम, मासळी यांवरची प्रक्रिया तालुक्या-तालुक्यात व्हावी. वर्षाचे बारा महिने हाताला काम देणारा उद्योगच माणूस टिकवतो. चौथे, शिकलेल्या मुलामुलींनी गावात धंदा काढला किंवा नोकरी केली, तर नॉर्वेप्रमाणे त्यांच्या कर्जात सूट मिळावी. आणि या सर्व योजनांचे यश किती कलमे लावली यावर मोजू नये. ऐन आषाढात गावातली किती दारे उघडी आहेत, यावर मोजावे.

हा लेख लिहून झाल्यावर मी काकींना त्यातला काही भाग वाचून दाखवला. जपान आणि नॉर्वे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "ता सगळा खरा. पण तू तरी ऱ्हवतलंस काय रे हयसर?"

मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या जूनमध्ये मी कोठे असेन, हे मला आज सांगता येत नाही. आमच्या वर्गातील बहुतेकांना ते सांगता येणार नाही. काकींच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पण 'होय' म्हणण्याची सोय ज्या दिवशी माझ्यासारख्याला मिळेल, त्या दिवशी शासनाचे ग्रामीण धोरण यशस्वी झाले असे म्हणायला हरकत नाही. तोवर आमच्याही घराची किल्ली काकींच्या खुंटीवर जाण्याची शक्यताच अधिक. आणि काकींनंतर ती खुंटी कोणी सांभाळायची, हा प्रश्न राहतोच.